पोटरी सांभाळत अर्धमॅरेथॉनची तयारी : वापरलेल्या साधनांचे आणि एका सेवेचे परीक्षण

धावणाऱ्याची पोटरी कुरकुरू लागली की तिच्यासाठी विकत घेता येतील अशा वस्तूंची कमतरता नसते. पोटरीवर चढवायची काफ स्लीव्ह, स्नायू रगडायचा फोम रोलर, ठोके देणारी मसाज गन, रंगीत टेप, टाचेखाली घालायच्या गाद्या, रबरी बँड, उतरती फळी आणि नवे बूट हे सारे एकाच दुकानात किंवा एकाच ॲपवर मिळते. मुंबईच्या जानेवारीतल्या अर्धमॅरेथॉनची तयारी करताना उजव्या पोटरीचे रेंगाळलेले दुखणे माझ्या सोबतीला होते आणि त्या काळात यांतल्या बहुतेक वस्तू मी स्वतःच्या पैशाने घेतल्या व नियमाने वापरल्या. पुढील परीक्षण त्या वस्तूंचे आहे आणि त्याच काळात घेतलेल्या फिजिओथेरपीच्या सेवेचेही आहे, कारण कोणती वस्तू कशासाठी वापरायची हे त्या सेवेमुळेच समजले. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. या वस्तूंपैकी बहुतेक दुखणे काही वेळापुरते शांत करतात, आणि मिळालेल्या त्या वेळात पोटरीवर बेताने, पण वाढता भार टाकला, तरच त्यांवर केलेला खर्च वसूल होतो.

दुखणे नेमके कोणते होते हे सांगितल्याशिवाय परीक्षणाला अर्थ राहणार नाही. पोटरीत दोन मुख्य स्नायू असतात. वरचा, बाहेरून फुगीर दिसणारा गॅस्ट्रोक्नेमियस गुडघ्याच्या वरून सुरू होतो, तर त्याच्याखाली दडलेला चपटा सोलियस गुडघ्याच्या खालून सुरू होतो, आणि दोन्ही मिळून टाचेच्या मागच्या, स्नायू हाडाला जोडणाऱ्या जाड कंडरेत, म्हणजे अकिलीसमध्ये, उतरतात. जोरात वेग घेताना एकदम कोणीतरी मागून दगड मारल्यासारखी कळ आली तर ती बहुधा वरच्या स्नायूची असते. माझे दुखणे तसे नव्हते. पहिले काही किलोमीटर सुरळीत जात, मग पोटरीच्या खालच्या अर्ध्या भागात खोलवर घट्टपणा भरू लागे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना पहिली पावले लंगडी पडत. हे सोलियसचे लक्षण आहे. धावताना हाच स्नायू सर्वाधिक काम करतो, त्याच्यावर येणारे बल शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पटींपर्यंत जाते असे मोजमापांतून दिसले आहे, आणि वेग कमी केला म्हणून ते त्याच प्रमाणात कमी होत नाही. त्यामुळे ‘हळू धावा, बरे होईल’ हा कट्ट्यावरचा सल्ला या दुखण्याला पुरेसा लागू पडत नाही.

एक गोष्ट वस्तूंच्या आधी सांगणे मला कर्तव्य वाटते. पोटरी एका बाजूलाच सुजली असेल, गरम किंवा लालसर वाटत असेल, धावण्याशी संबंध नसताना बसल्याजागी दुखत असेल, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर किंवा अंथरुणावर पडून राहिल्यानंतर, तर तो शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचा प्रकार असू शकतो. अशा वेळी रोलर, मसाज, स्लीव्ह यांपैकी कशालाही हात न लावता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, आणि जोडीला धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर थेट रुग्णालय गाठावे.

आता सेवेविषयी. पहिल्यांदा मी ठाण्यातल्या ज्या क्लिनिकमध्ये गेलो तिथे पोटरीवर विजेच्या पट्ट्या लावून ठरावीक वेळ निजवले गेले, नंतर अल्ट्रासाउंडचे यंत्र फिरवले गेले, आणि दुखणे जाईपर्यंत धावणे पूर्ण बंद ठेवण्यास सांगितले गेले. झोपलो असताना बरे वाटत असे, यात शंका नाही. पण त्या साऱ्या भेटींत मला एकदाही उभे करून टाच उचलायला सांगितले नाही, किती अंतरानंतर दुखते हे विचारले नाही, आणि धावणे पुन्हा सुरू करताच दुखणे जिथे सोडले होते तिथेच भेटले. पूर्ण विश्रांतीत स्नायू शांत होतो हे खरे, मात्र त्याच काळात तो दुबळाही होतो, आणि मग पूर्वी सहज पेलले जाणारे अंतर त्याला जास्त होते.

दुसरे क्लिनिक लहान होते, यंत्रे जवळजवळ नव्हती, आणि पहिली भेट बोलण्यातच बरीच गेली. फिजिओथेरपिस्ट बाईंनी आधी मागच्या काही महिन्यांचे धावणे, बूट, झोप आणि ठाण्याच्या येऊर डोंगराच्या चढावरचा सराव यांबद्दल विचारले. नंतर भिंतीशी एक बोट टेकवून, एका पायावर उभे करून टाच उचलायला लावली, आधी गुडघा सरळ ठेवून आणि मग वाकवून. गुडघा सरळ असताना दोन्ही पायांत फारसा फरक नव्हता. वाकवल्यावर मात्र उजवा पाय डाव्याच्या निम्म्यावरच थकला आणि ओळखीची ती खोल ओढ जागी झाली. भिंतीला गुडघा टेकवून अंगठा किती मागे नेता येतो तेही त्यांनी टेपने मोजले, आणि एका पायावर उड्या मारायला लावून आवाज ऐकला. या तपासणीला कोणतेही यंत्र लागले नाही, पण दुखणे कुठे आहे, किती आहे आणि सुधारते आहे की नाही हे ठरवण्याचे माप त्यातून माझ्या हाती आले. एका चांगल्या स्लीव्हच्या जोडीला जेवढे पैसे पडतात साधारण तेवढ्याच खर्चात ही तपासणी झाली. या साऱ्या तयारीत सर्वांत सत्कारणी लागलेला पैसा हाच, असे मी म्हणेन.

फिजिओथेरपिस्ट निवडताना काय पाहावे असे कोणी विचारले तर मी एवढेच सांगतो की पहिल्या भेटीत तुम्हाला उभे करून, चालवून, उड्या मारायला लावून पाहिले जाते का, आणि निघताना घरी करायच्या व्यायामाचे वजन, फेऱ्या व पुढची पायरी लिहून मिळते का, हे बघावे. ‘आइस लावा आणि आराम करा’ एवढ्यावर भेट संपत असेल तर विचार करावा. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे या चतुःसूत्रीचे नामकरण १९७८ मध्ये अमेरिकेतल्या गेब मिर्किन या डॉक्टरांनी केले, आणि बर्फ व पूर्ण विश्रांती बरे होण्याला उलट विलंब लावू शकतात असे पुढे २०१४ मध्ये त्यांनी स्वतःच लिहिले. आज या क्षेत्रातील जाणकार पहिल्या काही दिवसांच्या जपणुकीनंतर लवकरात लवकर बेताचा भार सुरू करण्यावर भर देतात.

तो भार टाकण्यासाठी मला लागलेली साधने म्हणजे इमारतीच्या जिन्याची पायरी, कठडा आणि एक सॅक. परीक्षणात यांचा समावेश करतो आहे, कारण यांच्याइतके काम दुसऱ्या कशानेही केले नाही. पायरीच्या कडेवर चवडा टेकवून, तीन सेकंदांत टाच वर आणि तीन सेकंदांत खाली, असा संथ व्यायाम एका वेळी एका पायाने करायचा असतो. गुडघा सरळ ठेवून केला की वरच्या स्नायूला आणि थोडा वाकवून केला की सोलियसला काम पडते. सरळ गुडघ्याने एका पायावर पंचवीसच्या आसपास टाचा उचलता येणे हे तंदुरुस्त प्रौढाचे माप म्हणून पुष्कळ वर्षे वापरले जाते, वय वाढते तसा तो आकडा खाली येणे स्वाभाविक आहे, आणि माझ्या मते आकड्यापेक्षा दोन पायांतला फरक जास्त बोलका असतो. स्वतःच्या वजनाने व्यायाम सोपा झाला की सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरायच्या. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे वजन मोजायला काटा लागत नाही, आणि एखाद्या आठवड्यात पोटरीने तक्रार केली तर एक बाटली काढून ठेवता येते.

सोलियससाठी बसूनही व्यायाम करता येतो. व्यायामशाळेत त्याचे खास यंत्र असते आणि ते उपलब्ध असेल तर जरूर वापरावे, कारण या स्नायूला खरोखर जड वजन लागते. घरी मी खुर्चीवर बसून मांडीवर, गुडघ्याच्या अगदी जवळ, तांदळाची दहा किलोची पिशवी ठेवत असे, आणि नंतर तिच्यावर सॅक. हा व्यायाम दिसायला इतका साधा आहे की तो खरे काम करतो यावर विश्वास बसायला वेळ लागतो. पहिले काही आठवडे काहीच बदलत नाही असे वाटते, कारण स्नायूत बळ यायला तेवढा वेळ लागतोच, आणि बहुतेक लोक नेमके त्याच टप्प्यावर व्यायाम सोडून पुढची वस्तू विकत घेतात. जड व्यायाम आठवड्यातून दोन ते तीन वेळा, मध्ये एखादा दिवस सोडून, आणि लाँग रनच्या, म्हणजे लांब धावेच्या, आदल्या दिवशी मुळीच नाही, ही मांडणी मला मानवली.

व्यायाम करताना किंवा धावताना किती दुखू द्यायचे, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. शून्य ते दहाच्या मापावर तीनपर्यंतचे दुखणे चालेल, त्याहून वर गेले तर थांबायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली पावले आदल्या सकाळपेक्षा वाईट असतील तर भार कमी करायचा, असा नियम बाईंनी घालून दिला. काही अभ्यासक कंडरेच्या दुखण्यात पाचपर्यंतही मुभा देतात, पण रेंगाळलेल्या स्नायूसाठी मला तीनच योग्य वाटले. सकाळच्या पावलांची ही कसोटी फुकट आहे आणि माझ्या घड्याळातल्या कोणत्याही आकड्यापेक्षा ती अधिक भरवशाची ठरली.

काफ स्लीव्हविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण धावणाऱ्यांत सर्वाधिक खप याच वस्तूचा दिसतो. घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत बसणारी ही घट्ट बाही असते आणि तिचा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगितला जातो. चांगल्या उत्पादनांवर १५ ते २० किंवा २० ते ३० असा आकडा छापलेला असतो आणि दाब घोट्याजवळ जास्त व वर जाताना कमी होत जातो. आकडाच छापलेला नसेल तर ती केवळ घट्ट कापडी नळी आहे असे समजावे. माप घेताना उंची किंवा बुटाचा नंबर उपयोगाचा नसतो. पोटरीच्या सर्वांत जाड भागाचा घेर टेपने मोजावा लागतो, आणि तोही सकाळी, कारण दिवसभर उभे राहिल्यावर पाय थोडा फुगतो. मी एक जोडी ऑनलाइन घेतली आणि एक वैद्यकीय उपकरणांच्या दुकानातून. दुसरी सरस ठरली, कारण दुकानदाराने घेर मोजून दोन मापे घालून पाहू दिली.

स्लीव्हमुळे वेग वाढतो असे अभ्यासांतून एकंदरीत दिसलेले नाही. प्रत्येक पावलाला स्नायूला बसणारा हादरा ती थोडा कमी करते आणि नंतरचे अंग दुखणे काहींना कमी जाणवते, एवढाच तिचा दावा टिकतो. माझा अनुभवही तसाच आहे. धावताना घातल्यावर पोटरीला आधार असल्याची भावना येते आणि त्यामुळे मन निर्धास्त राहते, मात्र खोलवरचा घट्टपणा नेहमीच्याच अंतरावर येत असे. ऑक्टोबरच्या उकाड्यात, ठाण्या-मुंबईच्या दमट हवेत, ती घामाने चिंब होऊन वरच्या कडेला काचू लागली, आणि त्या दिवसांत मी ती धावताना घालणे सोडले. नोव्हेंबरनंतर पहाटेच्या गारव्यात तिचा त्रास वाटला नाही. तिचा खरा उपयोग मला लाँग रननंतर झाला. अंघोळ करून, पाय कोरडे करून दोनेक तास ती घालून घरात हिंडलो की संध्याकाळी पोटरी कमी जड वाटत असे. मात्र फार घट्ट स्लीव्ह घालून बराच वेळ बसून राहिले तर खाली घोटा आणि पाऊल सुजू शकते, कारण पाऊल मोकळेच असते. प्रवासात बसायचे असेल तर पाऊल झाकणारे लांब मोजे अधिक योग्य. धुताना साध्या साबणाने हाताने धुवावी, पिळू नये, उन्हात किंवा गरम हवेत वाळवू नये, नाहीतर तिची लवचीकता लवकर जाते आणि मग दाबाचा छापील आकडा नुसताच कागदोपत्री उरतो. एकंदरीत, ज्यांना आधाराची भावना मोलाची वाटते त्यांनी ती जरूर घ्यावी, पण दुखणे बरे करण्याची अपेक्षा तिच्याकडून ठेवू नये.

फोम रोलर मला स्लीव्हपेक्षा अधिक उपयोगी वाटला, तोही मर्यादित अर्थाने. रोलरमुळे स्नायूंतल्या गाठी फुटतात किंवा चिकटलेले थर सुटतात असे सर्रास सांगितले जाते. तसे होत असल्याचा भक्कम पुरावा नाही. जे दिसते ते असे की काही मिनिटे रोलर फिरवल्यावर सांध्याची हालचाल थोडी वाढते, घट्टपणा कमी जाणवतो, आणि ताकद घटत नाही, मात्र हा परिणाम थोड्या वेळात ओसरतो. म्हणून पायरीवरच्या व्यायामाच्या लगेच आधी रोलर फिरवणे हा त्याचा सर्वोत्तम वापर आहे, कारण मोकळ्या झालेल्या घोट्याने टाच अधिक खाली जाते. बाजारात पांढऱ्या, हलक्या फोमचे स्वस्त रोलर मिळतात. ते काही महिन्यांत मधोमध दबतात. दाट मण्यांचा काळा रोलर किंवा आतून पोकळ प्लॅस्टिकच्या नळीवर खाचांचा थर असलेला रोलर टिकतो. पोटरीसाठी ३० सेंटिमीटर लांबीचा पुरेसा आहे. तोच पाठीसाठीही वापरायचा असेल तरच मोठा घ्यावा. काठिण्य निवडताना ‘जितके जास्त दुखेल तितके चांगले’ या समजुतीला बळी पडू नये, कारण दुखऱ्या स्नायूला असह्य दाब दिला की तो आणखी आखडतो, आणि ताज्या, नुकत्या झालेल्या स्नायूच्या ताणावर तर रोलर मुळीच फिरवू नये.

मसाज गन हे याच कामाचे महाग रूप आहे. जेसन वर्सलंड नावाच्या अमेरिकन कायरोप्रॅक्टरने, म्हणजे मणका व सांध्यांवर हाताने उपचार करणाऱ्याने, २००७ मध्ये मोटारसायकलच्या अपघातानंतर स्वतःच्या दुखण्यासाठी विजेवर चालणाऱ्या एका अवजारात फेरफार करून असे यंत्र बनवले आणि त्यातून थेरागन तयार झाली. आज तिच्यासारखी असंख्य यंत्रे मिळतात. घेताना मिनिटाला किती ठोके यापेक्षा ठोक्याची खोली पाहावी. थेरागनच्या वरच्या श्रेणीत ती १६ मिलिमीटर आहे, तर स्वस्त यंत्रांत पुष्कळदा त्याच्या निम्म्याच्या आसपास असते आणि मग ते यंत्र त्वचेवर नुसते थरथरते. मी एका मित्राची गन काही आठवडे वापरली आणि परत केली. हात मागे वळवून स्वतःच्या पोटरीवर ती नीट धरणे अवघड जाते, आणि रोलरने जे मिळते त्याहून वेगळे काही तिने दिले नाही. नडगीच्या हाडावर, फुगलेल्या शिरांवर आणि अकिलीसच्या कंडरेवर ती लावू नये.

रंगीत लवचीक टेपबद्दल थोडक्यात सांगतो. जपानच्या केन्झो कासे यांनी १९७० च्या दशकात ती विकसित केली आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकनंतर ती जगभर दिसू लागली. खोट्या पद्धतीने लावलेल्या टेपशी तुलना केली तर तिचा फायदा फारसा दिसत नाही, आणि माझ्या पोटरीवरही घामाने तिची टोके सुटण्यापलीकडे काही घडले नाही. कोपरे गोल कापले, त्वचा कोरडी केली आणि चिकटवल्यावर तळव्याने घासून ऊब दिली तर ती अधिक टिकते. काढताना थोडे तेल लावावे, नाहीतर त्वचा सोलवटते. पुन्हा विकत घेणार नाही.

याउलट टाचेखालच्या गाद्यांनी अपेक्षेपेक्षा जास्त काम केले. साधारण ६ ते १२ मिलिमीटर उंचीची सिलिकॉनची किंवा बुचाच्या लाकडाची ही गादी बुटात टाचेखाली ठेवली की घोटा कमी वाकतो आणि पोटरीवरचा ताण तेवढा हलका होतो. दुखणे भरात असताना दिवसभराच्या चालण्यासाठी, लोकलच्या जिन्यांसाठी आणि सुरुवातीच्या छोट्या धावण्यासाठी मी ती वापरली. दुखणे एकाच पायात असले तरी गादी दोन्ही बुटांत घालावी, नाहीतर कमरेला तिरपेपणा येतो. आणि तिची सवय होऊ देऊ नये, पोटरी सुधारली की आधी पातळ गादी व मग काहीच नाही अशा क्रमाने तिला निवृत्त करावे. नव्या बुटांचा प्रश्नही याच तत्त्वाशी निगडित आहे. टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक, ज्याला दुकानात ‘ड्रॉप’ म्हणतात, तो ८ ते १२ मिलिमीटर असलेले बूट पोटरीला हलके पडतात, तर ० ते ४ मिलिमीटरचे बूट तिच्याकडून अधिक काम मागतात. कमी ड्रॉपचे बूट वाईट असतात असे मी म्हणणार नाही, पण कुरकुरणारी पोटरी असताना, ऐन तयारीच्या मध्यात, ते पहिल्यांदा घालण्याची वेळ ती नव्हे. दुकानातला विक्रेता गुबगुबीत तळव्याचे पुष्कळ गुण सांगतो. ड्रॉप मात्र आपणहून विचारावा लागतो, आणि पुष्कळदा खोका उलटून पाहावा लागतो.

रबरी बँड आणि उतरती फळी यांवर जास्त लिहिण्यासारखे नाही. बँड घोट्याच्या बाजूच्या स्नायूंना बरा आहे, पोटरीसाठी त्याचा ताण फारच तोकडा पडतो. फळीचे काम जिन्याची पायरी करते.

धावण्याच्या वेळापत्रकासाठी मी घड्याळासोबत येणारे विनामूल्य प्रशिक्षण ॲप वापरले. त्याने मांडलेला आठवडा नीटनेटका होता, पण पायाला दुखापत आहे हे सांगण्याची जागाच त्यात नव्हती, आणि आठवड्याची एकूण बेरीज मर्यादेत असली की ते समाधानी असे. २०२५ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या घड्याळांतील नोंदींवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मागील तीस दिवसांतल्या सर्वांत लांब धावेपेक्षा एखादी धाव दहा टक्क्यांहून जास्त लांब झाली की दुखापतीचा धोका वाढतो असे त्यात आढळले, आणि आठवड्याच्या बेरजेतील वाढीशी मात्र तसा संबंध दिसला नाही. हे वाचल्यावर मी ॲपच्या आठवड्याच्या आकड्याकडे पाहणे कमी केले आणि एकाच धावेतील वाढीवर लक्ष ठेवले. बारा किलोमीटर सुरळीत झाले की पुढची लांब धाव तेरापर्यंत, एवढेच. ॲपने सुचवलेल्या वेगाच्या सरावाऐवजी सायकल चालवली. येऊरचा चढ धावण्याऐवजी चालत चढलो, कारण चढावर टाच खोलवर खाली जाऊन पोटरीवर भार वाढतो. हळूहळू सपाट रस्त्यावर उपवन तलावाच्या आसपासच्या फेऱ्या लांबवत गेलो.

लांब धावेसाठी धावणे आणि चालणे यांची आलटून पालटून जोड मी जाणीवपूर्वक निवडली. १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेले अमेरिकेचे जेफ गॅलोवे यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत नवशिक्यांसाठी रूढ केली. थकल्यावर चालण्यात आणि या पद्धतीत फरक आहे. येथे चालण्याचा थांबा पहिल्या मिनिटापासून ठरलेला असतो. सोलियस जसजसा थकतो तसतसा घट्टपणा वाढतो, आणि चालण्याचा मिनिटभर तो थकवा साचू देत नाही, असे माझ्या पोटरीने दाखवून दिले. चार मिनिटे धाव आणि एक मिनिट चाल या मापाने जे अंतर मला सलग धावताना झेपत नव्हते ते तीनच्या आत दुखत पार पडू लागले. घड्याळाच्या साध्या इंटरव्हल अलार्मवर हे जमते. त्यासाठी महाग घड्याळ लागत नाही.

शर्यतीच्या दिवशी यांपैकी काय सोबत होते, तेही सांगतो. माहीमहून अंधारात सुरू होणारी मुंबईची अर्धमॅरेथॉन वांद्रे-वरळी सागरी सेतूवरून जाते आणि पुढे पेडर रोडच्या चढाला भिडते. सेतूवर गारवा होता म्हणून स्लीव्ह घातली होती आणि ती काचली नाही. टाचेखालच्या गाद्या तोवर काढून टाकल्या होत्या. बुटांची जोडी सरावातलीच होती. सेतूवर आजूबाजूचे सगळे सुसाट जात असतानाही चाल-धावेचा अलार्म पाळणे कठीण गेले, पण पाळला, आणि पेडर रोडचा चढ धावण्याचा मोह टाळून आखूड पावलांनी चालत चढलो. घट्टपणा आला तो मरीन ड्राइव्हवर, तीनपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ २१.०९७५ किलोमीटर संपले तेव्हा वेळ अपेक्षेपेक्षा मंद होता, पोटरी मात्र शाबूत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळची पावले थोडी आखडलेली, पण सरळ पडली. रोलर चार दिवस तसाच ठेवला, दोन दिवस फक्त चाललो, आणि मग पायरीवरचा व्यायाम सॅकशिवाय पुन्हा सुरू केला. पुढच्या आठवड्यात त्यात एक बाटली भरली.